नागरत्नाच्या चित्राचे दोरे

म्हैसूरजवळच्या आमच्या हिनकलमध्ये कुणालाही विचारा, कोट कुणाचा? गुंडेराव टेलरचा. चौथीपर्यंतच शिकलो, पण माझ्या दुकानातून लोंबत्या दोऱ्याचा एक कपडा बाहेर गेला नाही. धाकटी बहीण नागरत्ना माझ्याकडेच. काज-बटण आणि मापं लिहिणं तिचं काम. अक्षर छापल्यासारखं. आमच्या घराण्यात हुशारीला तोटा नाही.

शहाऐंशी साली तिनं मागच्या खोलीत चित्र काढलं. कटिंगच्या खाकी कागदावर गवाश म्हणतात तो जाड रंग, वर जुन्या कॅटलॉगातली माणसं कापून चिकटवलेली. एक बाई, डोक्याच्या जागी शिवणमशीन, पोटात खिडकी, खिडकीत मासा. मला काय कळणार! पण मोठ्या हॉलमधल्या प्रदर्शनाची माणसं घरी येऊन निवडून गेली. मी अख्ख्या हिनकलला सांगितलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी एकादशी. नागू विठोबाच्या भजनाला गेली. म्हटलं, माझ्या दुकानातून जातंय, नीट जाऊ दे. चित्रातल्या मशीनमधून तीस-चाळीस खरे दोरे लोंबत होते, प्रत्येकाला चिठ्ठी. आमच्यात मापाची चिठ्ठी कपड्याला दोऱ्यानंच बांधतात, गिऱ्हाइकाला देताना कापतात. एक वाचली पण. ‘खांदा पंधरा, ओझं लिहिलं नाही.’ मापच की! सगळ्या कापल्या. चिंध्यांबरोबर बंबात गेल्या.

सकाळी नागूला बघूही न देता चित्र गुंडाळलं आणि दोघं घेऊन गेलो. हॉलमध्ये उघडलं. तिथले साहेब म्हणाले, “अय्यो, कविता कुठं गेल्या?”

“फिनिशिंग मीच केलं, सार. दोरे लोंबत होते.”

नागू कापलेल्या दोऱ्यांवरून बोट फिरवत राहिली. “चिठ्ठ्या कुठायत, अण्णा?”

“बंबात.”

त्या कविता तिनं दुसरीकडं कुठं उतरवून ठेवलेल्या नव्हत्या. ती साहेबांना म्हणाली, “मग चित्राखालच्या कार्डावर यांचंच नाव लिहा.”

“नागू, सुम्मने काहीतरी बोलू नको!”

“उगाच नाही बोलत. हिनकलमधलं सगळं तुझंच ना, अण्णा? हे पण घे.”

लिहिलं त्यांनी. चित्र कार्डासकट परत आलं, दुकानात लावलंय. गिऱ्हाईक विचारतं, “गुंडेराव, तुम्ही काढलं?” आयुष्यात कुठल्या कौतुकाला मी नाही म्हटलेलं नाही. तेव्हा मात्र मान खाली घालून कात्री चालवतो.

नागू अजून काज करते. असं काज म्हैसुरात कुणाला जमणार नाही, लिहून घ्या. मापं तेवढी आता मीच लिहितो. माझं अक्षर मलाच लागत नाही.