एक बाही लांब, एक आखूड

आमच्या शिवणक्लासात तीन वर्षांत एकही मुलगी शिवण शिकली नाही. शिकलो ते आम्ही म्हातारे, तेही कसंबसं! पण मशीनखाली चिंध्या साठाव्यात तसे किस्से मात्र साठत गेले. आपलं लक्ष नसतं आणि एक दिवस केर काढायला जावं तर पोतंभर निघतात.

आम्ही म्हणजे तिघं. मी रत्नागिरीत सत्तावीस वर्षं गणित शिकवून रिटायर झाले आणि सावर्ड्याच्या आतल्या अंगाला सासरच्या घरी राहायला आले. मालूताईचा वाडीत शिवणक्लास, तीन मशिनी. दामूअण्णा एसटीचे रिटायर्ड कंडक्टर. वाडीचं नाव सांगत नाही. माणसं वाईट नाहीत, आणि मला अजून तिथंच राहायचंय.

झालं असं की वाडीतली एक मुलगी हायस्कूलची एसटी पकडायला म्हणून गेली, ती आलीच नाही. पुण्याला लग्न करून राहिली, सुखात आहे. पण इकडे वाडीची बैठक बसली. मुंबई मंडळ, म्हणजे नोकरीला मुंबईत असलेली वाडीतली माणसं, फोनवर, स्पीकर लावून हजर. ठरलं की आठवीनंतर पोरींनी एसटीत पाय ठेवायचा नाही. गावातली शाळा आठवीपर्यंतच, त्यामुळे सात मुली एका संध्याकाळी घरी बसल्या. बैठकीत बाईमाणूस एकही नव्हतं. शिवणक्लासला मात्र कुणाची हरकत नव्हती. क्लास वाडीतच होता, आणि शिवणाने पोरगी बिघडत नाही असं सगळ्यांचं मत पडलं.

मग काय, दुपारी दोन ते पाच मुलींसाठी शिवणक्लास सुरू झाला. बाहेर पाटी शिवणाची, आत बीजगणित. आणि दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा.

*

गोची एकच होती. महिन्याकाठी प्रत्येक मुलीने घरी काहीतरी शिवून न्यायला हवं. नाहीतर तीन तास करतात काय, हा प्रश्न येणारच. म्हणून मुली गणितं सोडवायच्या आणि आम्ही शिवायचो. मालूताई कापायची, मी टीप मारायची, अण्णा हुक लावायचे. आयुष्यभर तिकिटं फाडलेली बोटं ती. निम्मे हुक उलटे लागायचे.

एकदा वाडीप्रमुख तात्या न सांगता आले. आम्ही कापडं पुढे ओढली, पण सानिका पायथागोरसात बुडालेली. कागदावर त्रिकोण, तिन्ही बाजूंवर चौरस, वर अक्षरं. तात्यांनी कागद उचलला, चष्मा लावला, उलटा धरून पाहिला आणि विचारलं की हे काय. पोरगी शांतपणे म्हणाली, "कटोरी ब्लाउजचं माप, तात्या."

तात्यांनी परत एकदा तो काटकोन त्रिकोण नीट न्याहाळला.

"कुणाचा गो?"

"बाईंचा."

तात्या माझ्याकडे न बघता कागद ठेवून जे गेले, ते वर्षभर क्लासकडे फिरकले नाहीत.

*

अण्णांचा भूगोल म्हणजे निव्वळ एसटी. घाट शिकवायचे ते गाडी कुठे तापते यावरून, आणि जिल्हे शिकवायचे डेपोवरून. मी कितीदा सांगितलं की परीक्षेत नद्या विचारतात, डेपो नाही. चाचणीत प्रश्न घातला, कोयनेचं पाणी कुठे जातं? एका मुलीने लिहिलं, अलोऱ्याच्या स्टॉपला उतरावे, पुढे वीजप्रकल्पाच्या कॉलनीत विचारावे.

आम्ही हसून हसून बेजार. अण्णा मात्र हसले नाहीत. संध्याकाळी ओसरीवर बसून म्हणाले की बाई, यांना मी सगळा महाराष्ट्र फिरवला, आणि यातल्या एकीनेही त्या बैठकीनंतर गाडीचं दार आतून पाहिलेलं नाही. माझं हसू तिथंच विरलं.

*

सगळ्यात वाईट प्रकार प्रणालीचा. सातांतली ती थोरली. अठरा पूर्ण झाली तशी तिला स्थळ आलं, आणि एका बैठकीत पसंती. मुलगी शिवण शिकलेली आहे, तीन वर्षांचा क्लास आहे, यावर तिकडची मंडळी खूश. लग्नात सासऱ्यांनी नवीकोरी मशीन भेट दिली. हार घालून मांडवात ठेवली होती. आम्ही तिघं पंगतीत एकमेकांकडे बघायला तयार नाही. तिच्या शिवणाचे नमुने म्हणून जे परकर त्यांनी पाहिले होते, ते मी शिवले होते!

आठवड्याने मालूताईला फोन आला. न्हाणीघरातून बोलत होती बहुतेक, आवाज घुमत होता.

"काकी, बाही कशी लावतात?"

मालूताईने फोनवर सगळं सांगितलं, आधी खांद्याची शिलाई, मग बाहीचा मध्य. त्यानंतर रोज दुपारी त्या पोरीचा फोन यायचा. शिवण शिकलेली आमची ती एकच, आणि तीही क्लास सोडल्यावर. तिला वर्गसमीकरणं फार सुंदर यायची हो.

*

आता सानिकाचं सांगते. ती अभ्यासात सगळ्यांत पुढे. वडील मुंबईत कंपनीत, घरी आई सुलभा आणि धाकटी तन्वी. तन्वीही गेल्या जूनमध्ये आठवी संपवून घरी बसली. तिला क्लासलाही धाडायचं नाही, घरात कुणीतरी लागतं, असं वडिलांचं फर्मान.

सुलभाचा एक ब्लाउज मी शिवला. म्हणजे सानिकाने शिवला, असं घरी सांगायचं. माझ्या हातून एक बाही लांब झाली, एक आखूड. उसवायला वेळ नव्हता, पोरीची सराव परीक्षा चालू होती. तसाच पाठवला. सुलभाचं शिवण गावात नावाजलेलं, तिला दोन बोटांचा फरक दिसणार नाही असं होणं नाही. मी धास्तावले की आता क्लास बंद.

दुसऱ्या दिवशी सानिका नवीन ब्लाउज पीस घेऊन आली. आईने निरोप दिला होता की छान झालाय, असाच दुसरा शिव.

मला बाई हायसं वाटलं. मनात म्हटलं, हिची नजर अधू झाली असणार.

फॉर्म भरायची मुदत जवळ आली तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. सगळ्यांचे दाखले बापांच्या पेटीत. बाकीच्यांचे मिळेनात. सानिकाचा मात्र त्याच नव्या ब्लाउज पीसच्या घडीत सापडला. मी तिला शाबासकी दिली. ती म्हणाली, "मी नाय ठेवला, बाई." मला वाटलं, चोरी केली म्हणून घाबरून खोटं बोलतेय. मी समजूत काढली आणि पुढे विचारलं नाही. सत्तावीस वर्षं पोरांची खोटी कारणं ऐकली की हे असं होतं, खरं कानाला लागतच नाही.

तर त्या वर्षी आमचा एकच फॉर्म गेला.

*

परीक्षा सुरू झाली. घरी सांगितलं की शिवणाची परीक्षा आहे, मालूताई सोबत नेईल. मराठीचा पेपर झाला, इंग्रजीचा झाला. गणिताआधी मध्ये चार दिवस सुट्टी होती आणि त्यातच शिमगा आला. मुंबईची माणसं गावात. पालखी घरोघर फिरत होती. सानिकाच्या अंगणात पालखी टेकली तेव्हा जमलेल्या गर्दीत कुणीतरी तिच्या वडिलांचं अभिनंदन केलं की पोरगी दहावीला बसली, परीक्षा केंद्रावर पाहिली. त्या माणसाच्या मनात काहीच वाईट नव्हतं.

वडिलांनी आरडाओरडा केला नाही. पालखीची ओटी नीट भरली. मग सांगितलं की खोलीवर मी आणि दोघे भाऊ, जेवणाचे हाल होतात, ही आता मुंबईला येईल.

हे आम्हाला काहीच कळलं नाही. क्लासला शिमग्याची सुट्टी होती. गणिताच्या दिवशी मी सकाळी लवकरच केंद्राच्या गेटवर जाऊन उभी राहिले. पिशवीत कंपासपेटी आणि दोन केळी. मालूताई सानिकाला घेऊन येणार होती. मालूताई आली, पण बरोबर सानिका नव्हती, सुलभा होती. हातात हॉल तिकीट. अंगात तोच ब्लाउज, एक बाही कोपरापर्यंत, दुसरी वर चढलेली.

"ती काल गेली, बाई. गाडीत बसवलानी. मला तोंड उघडता आलं नाय."

मला राग आला, तिचा, तिच्या नवऱ्याचा, माझा. मग तिने हॉल तिकिटावरच्या नंबरवर बोट ठेवलं.

"हा बाक कुठं हाय? मला वायच बसू द्या. घंटा झाली की उठतंय."

केंद्रावरचे मुख्य सर माझे जुने विद्यार्थी. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. मुलांना आत सोडायला अजून दहा मिनिटं होती. मी तिला वर्गात नेलं. खिडकीशेजारचा तिसरा बाक. सुलभा बसली. पदर सावरून, दोन्ही हात बाकावर ठेवून, समोर फळ्याकडे बघत. फळ्यावर फक्त विषय आणि वेळ लिहिलेली होती, तिने ती दोनदा वाचली. मला विचारलं की हा पेपर अवघड असतो काय. मी म्हटलं, सानिकाला नसता गेला.

घंटा झाली. ती उठली, बाकावरून एकदा पदर फिरवला आणि मुलांच्या गर्दीतून वाट काढत बाहेर आली.

गेटवर तिने पिशवीतून ब्लाउज पीस काढून माझ्या हातात दिला.

"घाई नाय. बाही लांबआखूड झाली तरी चालंल."

घरी येऊन मी घडी उलगडली. आत तन्वीचा दाखला होता.