आधी वहिनीच्या अंगावर

तिला सगळेच वहिनी म्हणत. खरं तर ती वहिनी होती फक्त धाकट्या नणंदेची. पण नणंद दिवसभर दुकानात "वहिनी, हे बघ, वहिनी, ते सांग" असा धोशा लावायची, त्यामुळे विक्रीच्या मुलींपासून पांढऱ्या मिशांच्या कापडवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. नणंदेला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसलेली तिच्या आईनेही पाहिली नव्हती. बायकांच्या तयार कपड्यांचं दुकान या दोघींनी मिळून काढलं, आणि त्याला कारण झाली एक फाटकी बगल.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत वहिनीने बाजारातून तयार झगा आणला होता. तो घालून फळीवरचा डबा काढायला हात वर केला, तर टर्रकन काखेतली शिवण उसवली. भिंगरी हसून हसून जमिनीवर बसली. वहिनी मात्र झगा उलटा करून बराच वेळ बघत राहिली.

"हा ज्याने शिवला ना, त्याने बाईला काम करताना कधी पाहिलंच नाही," ती म्हणाली. "त्याला वाटतं, बाई म्हणजे हात खाली सोडून फोटोत उभी राहणार."

"मग तू शीव की," भिंगरी म्हणाली. "विकायचं माझ्याकडे लागलं."

पुढच्या खोलीतला पलंग हेच पहिलं दुकान. वहिनीचा नवरा झोपायला आला की दारातूनच विचारायचा, "आज माझ्या जागेवर कोण झोपलंय? निळा की पिवळा?" भिंगरी पिशव्या भरून दारोदार जायची, बोलून बोलून समोरच्या बाईला दमवायची आणि रिकाम्या पिशव्या हलवत परतायची. पलंगावरचं दुकान पुढे रस्त्यावर आलं, मोठं झालं, कापायला मास्तर आले, शिवायला बायका आल्या. पण एक नियम पलंगापासून चालत आला होता. नवा नमुना शिवून झाला की वहिनीने तो पूर्ण दिवस अंगावर वागवायचा. त्यातच तिने केर काढायचा, चादरी पिळायच्या, बसमध्ये दांडा धरून उभं राहायचं, जेवून घटकाभर आडवंही व्हायचं. संध्याकाळी ती मास्तरांना निकाल सांगायची.

"मास्तर, मुंढा आवळतोय." मुंढा म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात तो गोल.

"कागदावर तर बरोबर आहे, वहिनी."

"कागदाला काख नसते, मास्तर."

मास्तर मान डोलावत खडू उचलायचे. त्या दुकानाचा कपडा आवळत नाही, काचत नाही, अशी ख्याती झाली ती या एका सवयीमुळे. भिंगरी गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगायची, "आधी आमच्या वहिनीच्या अंगावर, मग तुमच्या."

आणि मग एका वर्षी कपडे परत यायला लागले. फाटले म्हणून नव्हे, विटले म्हणूनही नव्हे. एका तरुण बाईने शर्ट काउंटरवर ठेवला आणि संकोचून म्हणाली, "हात जरा उचलला की ढगळ बाहीतून आतलं सगळं दिसतं हो." दुसरीचीही तीच तक्रार, तिसरीचीही. भिंगरीने परत आलेले शर्ट मागच्या खोलीत नेले आणि मास्तरांना गाठलं. मास्तर टेप गुंडाळायला लागले.

"वहिनींनी मुंढा खोल करायला सांगितला," ते म्हणाले. "या नमुन्यालाही, त्याच्या आधीच्यालाही. मी एकदा बोललो. परत कसं बोलणार?"

दुसऱ्या दिवशी भिंगरीने वहिनीला मागच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"हात वर कर."

"काय पोरखेळ चाललाय?"

"कर तर."

वहिनीने हात वर केले. उजवा सरळ गेला. डावा खांद्याच्या जरा वर जाऊन थांबला. "हे बघ, ही बाही अशी धरते," ती म्हणाली. "मी मास्तरांना सांगून दमले. हल्ली त्यांचं कापणंच बिघडलंय."

भिंगरीने एक बिनबाह्यांचा झगा तिच्यापुढे धरला. वहिनीने तो घातला, पुन्हा हात वर केले. डावा तिथेच थांबला.

"याला बाहीच नाही, वहिनी," भिंगरी हळूच म्हणाली. "आता कोण धरतंय?"

वहिनी आरशात बघत राहिली. दुकानातल्या प्रत्येक कपड्यावर जिचा शब्द शेवटचा, तिचा स्वतःचा खांदा महिनोन् महिने आखडत गेला होता आणि ती दोष मास्तरांना देत आली होती.

"आपण पुतळ्यावर बघत जाऊ," भिंगरी समजुतीने म्हणाली. "सगळे तेच करतात."

"पुतळा कधी खाली बसतो? त्याला घाम येतो?" वहिनी एकदम कडाडली. मग आवाज उतरला. "मीच नाही बघायचं, तर मी इथे करते काय गं?"

भिंगरी येऊन तिच्या शेजारी स्टुलावर बसली.

घरी गेल्यावर वहिनीने कपाटातले जुने नमुने काढून पलंगावर पसरले. सगळ्यात जुन्याची कंबर केवढीशी! पहिल्या बाळंतपणानंतरचे झगे पोटावर सैल. मग हळूहळू घेर वाढत गेलेला, गळे वर सरकलेले, बाह्या लांबलेल्या. दुकान तिच्या अंगाबरोबर वाढत गेलं होतं. तिच्या वयाच्या गिऱ्हाइकांनाही ते सोयीचंच होतं, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. तरुण मुली कमी झाल्या तेव्हा दोघींनी फॅशनला नावं ठेवली होती. म्हणजे खांदा हे आजचं निमित्त. तिच्या मनाला ते लागलं, आणि त्याहून जास्त लागलं ते हे, की इतकी वर्षं आपण बायकांचं माप घेतोय असं वाटत होतं, आणि घेत होतो ते आपलंच.

सकाळी ती दुकानात आली. आल्या आल्या मास्तरांना म्हणाली, "माझं चुकलं. ते शर्ट सगळे परत घ्यायचे, कुणाला एक प्रश्न विचारायचा नाही." मग नव्या नमुन्याचा शर्ट उचलून ती गल्ल्यावर गेली.

गल्ल्यावर बसणारी लांब हातांची, किडकिडीत बाई 'पणबाई' म्हणून प्रसिद्ध होती. पंखा लावला तरी "बरं वाटतं, पण" आणि पगारवाढ झाली तरी "छान झालं, पण".

"हा घाल आणि दिवसभर काम कर," वहिनी म्हणाली.

"मी? अहो, मला काहीच शोभत नाही."

"शोभायला नाही सांगत. कुरकुर करायला सांगतेय."

दिवसभर वहिनी लांबून बघत राहिली. दोनदा तिचा हात खुर्चीवर ठेवलेल्या त्याच नमुन्याच्या दुसऱ्या शर्टाकडे गेला. नुसता घालून बघितला तर काय बिघडणार होतं? दोन्ही वेळा तिने तो आवरला. संध्याकाळी मास्तर आले.

"चांगला आहे," पणबाई म्हणाली, "पण..."

"बोल, बोल. तेच तर ऐकायचंय."

"गल्ल्याचा खण उघडायला वाकलं की गळा पुढे लोंबतो. दिवसभर एका हाताने धरून बसले मी. सुट्टे द्यायचे की गळा सांभाळायचा?"

वहिनी इतक्या वर्षांत त्या खणावर कधी वाकली नव्हती.

मास्तरांनी सवयीने तिच्याकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही घालून बघितलात?"

"नाही."

"मग?"

"ती सांगतेय ना? तिला विचारा कुठवर घ्यायचा. उद्या घडी घालणाऱ्या जाड बाईंना द्या, परवा आणखी कुणाला."

पणबाई खुर्चीतून उठून वाकून दाखवू लागली. मास्तर खडू घेऊन पुढे झाले. "इथे?"

"थोडं वर," पणबाई म्हणाली.

वहिनीला ते जास्त वर वाटलं. तिने बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं आणि मास्तरांना खूण करता यावी म्हणून उजव्या हाताने कापड ताणून धरलं.