उभी पसंत, बसलेली नाही

कलेसाठी आमच्या घराने केला तेवढा त्याग अख्ख्या पांढुर्ण्यात कुणी केला नसेल. आम्ही एक अख्खं स्थळ अर्पण केलं. (स्थळ ताईचं होतं. अशा बाबतीत मी उदार आहे.)

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सौंसरचं चांगलं स्थळ आलं होतं आणि त्यांना ताईचा फोटो हवा होता. माझ्या कॅमेऱ्यात एकच फोटो उरला होता. आई म्हणे, हिरवी साडी नेसून खुर्चीत बसव. ताई म्हणे, पिवळी नेसून उभीच राहीन. मी म्हटलं, दोन्ही घेतो! भिंगाचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकून बसलेली ताई घेतली. मग रीळ न फिरवता दुसरा अर्धा झाकून, शेजारी उभी ताई घेतली. एका फोटोत दोन ताया! सांधा शोधून सापडत नव्हता.

आठवड्याने मध्यस्थ हसत हसत आले. "उभी पसंत आहे जी. बसलेली जराशी घमंडी वाटते."

"अहो, उभी अन् बसलेली एकच आहे!" बाबा ओरडले.

"एकच द्या ना जी! दोन्ही कोण मागून राह्यलं?"

रविवारी मंडळी आली. ताईने हिरव्या साडीत पोहे दिले. पोहे संपवून मुलाची आई म्हणाली, "आता दुसरीले बोलवा."

मी पुठ्ठा आणून सगळी क्रिया समजावू लागलो. मुलाचे काका, जॅकेटवाले, मोठे भारदस्त, गरजले, "आमाले शिकवतं का बे? सौंसरात काय फोटो निघत नाही?"

बाबा हात जोडून म्हणाले, "खरंच एकच पोरगी आहे हो."

"लपवता कायले? लहानीचं अगोदर झालं तर काय बिघडते?"

ताई ताडकन आत गेली आणि पिवळी साडी नेसून चहा घेऊन आली. बाबांनी डोळे मिटले.

"हे पाहा, हेच ते!" काका खुलले. बसचं तिकीट काढून माणूस जे पाहायला येतो ते त्याला दिसतंच.

"मोठीपेक्षा हसरी आहे," मुलाची आई म्हणाली. "शिकली किती व तू?"

"तिच्याएवढीच."

"मग आमचा पोरगा पसंत आहे ना?"

ताईने ट्रे खाली ठेवला. "मोठीचं झाल्याबिगर मी करत नाही. तुम्ही तिले घमंडी म्हटलं ना? मग माह्या बहिणीले नाव ठेवणाऱ्या घरात मी येतच नाही!"

काकांना पोरीचे संस्कार फार आवडले. मंडळी हळहळत बस पकडायला गेली.

आईने माझा कॅमेरा ट्रंकेत घालून कुलूप लावलं. तरी मी आजही ठासून सांगतो, फोटोत काडीचा दोष नव्हता!

पुढच्या वर्षी ताईचं लग्न बोरगावच्या मुलाशी झालं. त्याच्या घरच्यांनी फोटो मागितला नव्हता.