लांब फेकणारी बॅटरी

हडपसरच्या पलीकडं आमचं गाव. गाव आता पाटीवरच राहिलंय; बाकी सगळ्या काचेच्या इमारती आणि त्यात दिवसरात्र जळणारे दिवे. असल्या झगझगाटात राहणाऱ्या सर्जेरावाला बॅटरी घ्यायची हुक्की आली. शहरात टॉर्च म्हणतात. आमच्याकडं बॅटरी म्हणतात, आणि मी तेच म्हणणार.

तरणा असताना ह्याच सर्जेरावानं रात्रीच्या पाळीला उसाला पाणी पाजत दारं धरली होती. हातात तीन सेलची पत्र्याची बॅटरी. मांडीवर आपटल्याशिवाय पेटायची नाही, पण साप दिसायचा. मग उसाच्या रानात आयटी पार्क उगवलं, सर्जेरावाला फ्लॅट मिळाले, फ्लॅटांना भाडेकरू मिळाले आणि गडी मोकळा झाला. इतका मोकळा, की कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून देवळापासून पानटपरीपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढीच त्याची शेती उरली.

ह्या माणसाला खिशात मावणारी, सैन्यातल्यासारखी टॅक्टिकल बॅटरी रोज जवळ बाळगायची होती. एका बिल्डरच्या कमरेला बघितली होती, दुसरं काही कारण नाही.

अभिनव म्हणून त्याचा भाडेकरू, अकोल्याकडचा, कंपनीत कॉम्प्युटरवर बसणारा. घरमालकाला नाही कसं म्हणणार? रविवारचे रविवार तो लॅपटॉपवर बॅटऱ्या दाखवत बसला. कुठली किती लांब फेकते, कुठली चार्जिंगवर जास्त टिकते, कुठलीचं बटण बुडाशी आहे म्हणजे मुठीत धरून अंगठ्यानं दाबता येतं. शेवटी वैतागून त्यानं विचारलं, ‘‘काका, तुम्ही अंधारात जाता तरी कधी?’’

सर्जेरावानं त्याला भाडेकरार संपत आल्याची आठवण करून दिली.

मग स्वारी कॅम्पातल्या दुकानात गेली. बॅटऱ्या पेटवून बघितल्या, पण भर दुपारी उजेडाचा अंदाज येईना. दुकानातले दिवे घालवा म्हणाला. दुकानदारानं मानही वर केली नाही. ‘‘अंधार आमच्याकडे मिळत नाही. घरून घेऊन या.’’

अखेर ठरली ती काळी, अंगठ्याएवढी, तोंडाला दातरे असलेली. दातरे कशाला? तर वैरी अंगावर आला की थोबाडावर हाणायला. आता सर्जेरावाचे वैरी म्हणजे भावकी. भावकी अंगावर येत नसते, ती वाट बघत बसते. त्याचा चुलतभाऊ हिंमतराव तसाच बसला होता.

वाट दिवटीची. आमच्या भैरवनाथाच्या जत्रेला दिवेलागणीला पालखी निघते, आणि तिच्यापुढं दिवटी धरायचा मान सर्जेरावाच्या घराचा. लोखंडी दांडी, तिच्या तोंडात चिंध्यांचा पेटता काकडा. दारादारातनं बाया येतात आणि वाटीतलं तेल त्या काकड्यावर घालतात. पहिलं तेल म्हाताऱ्या मुक्ताबाईच्या दारात. ते पडल्याशिवाय पालखी हलत नाही, आणि त्या दारातनं दिवटी जो पुढं नेईल त्याच्या घरात मान. रान गेलं, विहिरी बुजल्या. सर्जेरावाकडं बापाचं म्हणून दाखवायला तेवढं एकच उरलं होतं.

पण तेल ठिबकतं. मागच्या जत्रेला ह्याच्या बाहीवर डाग पडला आणि तो जाता जाईना. म्हणून यंदा गड्यानं डोकं चालवलं. देवाला उजेडच पाहिजे ना, मग बॅटरी काय वाईट? तेलासाठी स्टीलची नवी बादली आणली. बायांनी त्यात ओतायचं, रिक्षातनं देवळात पोच.

मुक्ताबाईच्या दारात पालखीपुढं उभा राहून त्यानं बटण दाबलं. उजेड भोयांच्या डोळ्यांत गेला. गडबडून परत दाबलं, तर बॅटरी मिचमिच करायला लागली आणि हलगीवाल्याचा हात थांबला. मुक्ताबाई वाटी घेऊन उंबऱ्यात आली. तिनं बॅटरी बघितली, बादली बघितली.

‘‘म्हस पिळाया आलाईस व्हय रं?’’ म्हणाली, आणि वाटीवर पदर झाकून तिथंच उभी राहिली.

पालखी अडली. सर्जेराव तिला उजेडाचा जोर समजावून सांगायला लागला. तेवढ्यात त्याची बायको इंदुबाई घरातनं दिवटी घेऊन आली. काकडा तिनं सकाळीच वळून ठेवला होता. नवऱ्याला ती ओळखून होती. दिवटी पेटवून तिनं त्याच्यापुढं केली.

‘‘धरा.’’

सर्जेरावानं दिवटीकडं बघितलं, मग स्वतःच्या बाहीकडं.

‘‘आधी टावेल आण,’’ म्हणाला.

टावेल येईपर्यंत कोण थांबतंय? हिंमतराव पुढं झाला. तो काही मोठा देवभोळा नव्हे, एरवी तोही तितकाच इस्त्रीतला. पण त्या दिवशी जुनापाना सदरा घालून आला होता, ह्यावरनं काय ते समजा. त्यानं दांडीला हात घातला. इंदुबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि हात सोडला. मुक्ताबाईनं तेल घातलं. काकडा भडकला, हलगी कडाडली, पालखी निघाली. सर्जेराव बादलीपाशी उभा राहिला, सदऱ्यावर एक डाग नाही.

बॅटरी अजून त्याच्या खिशात असते. टपरीवर कोणी विषय काढला की दातरे दाखवतो. दिवटी आता टपरीसमोर हिंमतरावाच्या घराच्या पुढच्या सोप्यात टांगलेली आहे. दिवस बुडाल्यावर टपरीवरनं बॅटरी मारली की उजेड रस्ता ओलांडून बरोबर तिच्या दांडीवर पडतो.

लांब फेकते, हे मात्र खरं.