ऐकलेलं परत सांगायला लावणारी

पालमहून परभणीला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवरच्या पिशवीवर तिच्या कंपनीचं ब्रीद छापलेलं होतं: 'राष्ट्राच्या सुरक्षेचा अदृश्य कणा'. पिशवीचा एक बंद तुटलेला होता, त्याला गाठ मारली होती. कंपनी लष्करासाठी वायरलेस संच बनवते हे कळल्यावर मी देशसेवेवरचं भाषण ऐकायच्या तयारीनं सावरून बसलो.

ती म्हणाली, "आमी फक्त आवाज नीट जायलाय का ते बघतो, काका."

त्या दिवशी लष्कराचे अधिकारी तिच्या कंपनीचा नवा संच तपासत होते. तो नापास झाला तर तिचा विभाग बंद होणार होता आणि तिची नोकरीही जाणार होती. गंगाखेड मागे पडलं आणि तिच्या सहकाऱ्याचा फोन आला.

"पास? परत सांग." त्यानं परत सांगितलं. "संच पास, विभाग चालू राहणार. बरोबर?"

पुढच्या सीटवरची म्हातारी वळली. "अगं बाई, किती वदवून घेतीस त्याच्याकडून!"

"मावशी, आमच्या कामात ऐकलेलं परत सांगितल्याबिगर ते पोचलं असं धरत न्हाईत."

हा नियम आमच्याकडच्या सभांना लावला, तर कितीतरी वक्ते अजून बोललेलेच नाहीत असं धरावं लागेल.

मग तिनं घरी फोन लावला. "आई, माझी नोकरी टिकली. आता तू सांग, काय ऐकलंस?"

आईचं बोलणं मला ऐकू आलं नाही. तिनं मात्र डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकलं.

"बरोबर," ती म्हणाली. "आता न रडता परत एकदा सांग."