धावेवरची उर्दू

त्रिंबक मास्तर तलवाड्याच्या शाळेत मराठी व उर्दू शिकवीत. मांडी घालावी, डोलावे आणि खच्चून घोकावे, ही विद्येची एकमेव रीत होय, असा त्यांचा सिद्धान्त होता. ज्याला ती साधत नाही त्याच्या कपाळी अक्षर नाही, असे ते खुशाल सांगत. निजामी अमलातल्या फसली सन १३२५ मध्ये या सिद्धान्ताची गाठ आप्पाराव पाटलांशी पडली.

आप्पाराव गावचे पोलीस पाटील. वयाची पन्नाशी उलटलेली, अक्षरओळख मुळीच नाही. सहीच्या जागी ते वाडवडिलांप्रमाणे नांगराची निशाणी करीत. गेवराईस नव्याने आलेल्या तहसीलदारांना हे रुचले नाही. पोळा झाल्यावर पाटलांनी कचेरीत येऊन उर्दू हुकूम स्वतः वाचावा, अन्यथा पाटीलकी चुलतभाऊ बंकट यास मिळेल, असे त्यांनी फर्मावले. वाचता बंकटलाही येत नव्हते. परंतु तो तरुण आहे, शिकेल, असा साहेबांचा हिशेब होता.

मास्तर पाटलांच्या ओसरीवर शिकवावयास जाऊ लागले. अलिफ निर्विघ्न पार पडला. दुसऱ्या अक्षरावर बोट ठेवून मास्तर करड्या आवाजात म्हणाले, "बे."

पाटलांनी मान वर केली. "मास्तर, माज्याच ओसरीवर बसून मला बे म्हनता व्हय?"

हे अक्षराचे नाव आहे, शिवी नव्हे, हे पटविण्यात तो दिवस गेला. पुढचे दिवस झोपेत गेले. पाटील मांडी घालीत, दोनदा डोलत आणि तिसऱ्या डोलण्याला घोरत. मास्तरांनी शेवटी हात टेकले, तेव्हा पाटलीणबाई केशरबाई आतून म्हणाल्या, "ह्यांचं डोकं पायात हाय, मास्तर. बसले की निजतेत. चालते ठेवा."

मास्तरांना ही सूचना शास्त्राला सोडून वाटली. तथापि पोळा जवळ येत होता. धोतराचा काचा मारून ते पाटलांच्या मागोमाग शेतात गेले. काळ्या मातीत त्यांनी काठीने नांगराच्या रेघेसारखा एक आखूड तास ओढला व त्याच्या खाली जोंधळ्याचा एक दाणा ठेवला. हा बे. वर दोन दाणे ठेवले, तो ते. खाली तीन, तो पे. पाटील त्या अक्षरांभोवती फेऱ्या घालीत आणि एकदा पाहिलेले विसरत नसत. पावसाळ्याच्या मध्यावर ते शब्द वाचू लागले.

मग नवेच संकट उभे राहिले. पहिली ओळ पाटील उजवीकडून डावीकडे बिनचूक वाचत, आणि टोकाला पोचताच दुसरी डावीकडून उजवीकडे. मास्तरांनी परोपरीने समजावले. पाटील शांतपणे म्हणाले, "तास सरला की बैल तिथंच वळतो. उचलून परत पल्याड न्यायचा का?"

मास्तर विहिरीपाशी जाऊन बसले. तेथे मोट चालू होती. बैल धावेच्या उतारावरून खाली जात, तेव्हा पाणी वर येई; मग रिकामी मोट भरायला ते पाठमोरेच धाव चढत आणि पुन्हा खाली ओढत. मास्तरांनी पाटलांना हाक मारली आणि विचारले, "परत येताना पाणी येतं का?"

पाटलांनी बैलांची एक खेप खालीवर निरखली. मग म्हणाले, "आस्सं व्हय. मंग ही नांगरट न्हाई, मोट हाय."

पोळ्यानंतर कचेरीत पाटलांनी हुकूम हाती घेतला. पहिली ओळ वाचीत ते मेजाच्या दिशेने चार पावले पुढे गेले. ती संपताच तोंड न वळवता मागे आले आणि दुसरी ओळ घेऊन पुन्हा पुढे निघाले. शिपाई तोंडावर हात धरून उभे होते.

तहसीलदार अखेर म्हणाले, "पटेल, पीछे कायकू जाते?"

"मोट भराया, सरकार."

साहेब शहरात वाढलेले. पेशकार कारकुनाने त्यांना मोट समजावून सांगितली. ते गंभीरपणे म्हणाले, "भरो." पाटलांनी उरलेला हुकूम त्याच चालीने संपविला. नांगराऐवजी उर्दूत सही करताना पेच्या खालचे तीन ठिपके त्यांनी पेरणीच्या अंतराने टाकले, त्यामुळे कागद जरा अपुरा पडला. पाटीलकी राहिली.

आठ दिवसांनी बंकट मास्तरांच्या दारी आला. आपल्यालाही मोटेवर न्यावे, आपण आप्पांपेक्षा भराभर चालतो, असे त्याचे म्हणणे. मास्तरांनी त्याला बसविले आणि तो दिवसभर काय करतो, याची बारकाईने चौकशी केली. बंकटने पुष्कळ विचार करून सांगितले, की पत्ते खेळतो.

मास्तरांनी जन्मात पत्त्याला हात लावला नव्हता. त्यांनी सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "उद्या पत्त्यांचा जोड घेऊन ये. आधी मला शिकव."