दर सेकंदाची विचारपूस

जानेवारीत फरीदाबाद दुपारपर्यंत नसतंच. आमच्या ऑफिसच्या खिडक्यांना बाहेरून कोरे कागद डकवल्यासारखं धुकं असायचं. सर्व्हर रूममध्ये मी शाल गुंडाळून बसायचे आणि दोन सर्व्हरांचं बोलणं पडद्यावर पाहायचे. दर सेकंदाला एक विचारायचा, 'आहेस का?' दुसरा म्हणायचा, 'आहे.' पाहता पाहता डोळे जड व्हायचे. इतकं नेमानं मला आयुष्यात कुणी विचारलेलं नाही.

आधी एकच सर्व्हर होता आणि तो फक्त माझं ऐकायचा. म्हणून दोन वर्षं मला रजा नव्हती. कऱ्हाडला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन त्यापायी दोनदा पुढे गेलं. ती फोनवर म्हणाली, "चार दिवस एकटं राहत नाही का गं ते यंत्र? तू सहा वर्षांची असताना शाळेतून येऊन एकटी राहायचीस."

म्हणून ही जोडी बसवली. एक पडला की दुसऱ्यानं त्याचा पत्ता आणि काम आपल्याकडे घ्यायचं. मात्र त्याआधी पडलेल्याची वीज तोडायची, नाहीतर तो अर्धवट जागा होऊन स्वतःलाच मालक समजतो. निवृत्त साहेबांसाठी आमच्याकडे अशी सोय नव्हती.

हल्लीचे साहेब म्हणाले, "टेस्ट पास, तो छुट्टी पास." पण टेस्टचा त्यांनी समारंभ केला. झेंडूची माळ, पाहुणे, समोसे. साहेबांनी पहिल्या सर्व्हरची वायर ओढली. पडद्यावरची ऑर्डरींची यादी थबकली, मी श्वास रोखला, आणि ती पुढे सरकू लागली.

"हुआ क्या?" साहेबांनी विचारलं.

"कुछ नहीं हुआ, सर. यही होना था."

टाळ्या नेमक्या कधी वाजवायच्या, ते पाहुण्यांना कळेना. "थोडा अंधेरा-वंधेरा तो होता," साहेब पुटपुटले. रजेच्या अर्जावर सही करताना म्हणाले, "फिर आपकी जरूरत किसलिए है?" तो प्रश्न मी धुक्यातून स्टेशनपर्यंत सोबत नेला.

ऑपरेशन नीट झालं. फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशी न राहवून मीच ऑफिसला लावला. "सब ठीक है मॅडम, आराम करो." जरा वाईटच वाटलं.

दुपारी पट्टी बांधलेली आई अर्धवट झोपेत विचारायची, "आहेस का गं?"

"आहे."

मग तिचा श्वास पुन्हा संथ व्हायचा. थोड्या वेळानं पुन्हा तेच. शेवटी शेवटी मीही झोपेतच उत्तर देत असेन.